पाण्याच्या रेषा

बरणीतले खडे गुलाबी झाले होते. मंगळवारी दुपारी तिनं पाहिले तेव्हा ते निळे होते, चांगले गडद, शाळेतल्या शाईसारखे, आणि आता हे असे – हिरड्यांच्या रंगाचे, ओशाळलेले... ओल प्यायली की त्यांचा रंग उतरतो, त्यासाठीच तर ते कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवायचे; पण एका संध्याकाळीत, डबा जेमतेम तासभर उघडा राहिला तेवढ्यात, तळापर्यंत सगळे? तिनं बरणी खिडकीशी धरून फिरवून पाहिली. एकही निळा नाही. म्हणजे मंगळवारी हवेत पाणी किती होतं बघा, ती म्हणाली, आणि घरात दुसरं कुणी नसताना कुणाला तरी पुरावा दाखवल्यासारखा आपला आवाज तिला ऐकू आला.

खडे कढईत ओतून मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. ती उलथन्यानं ते हलवत उभी राहिली – कामावर जायला अजून पाऊण तास होता – आणि सकाळी सातला आलेला चित्रगुप्तांचा फोन डोक्यात पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागली. चित्रगुप्त हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वेगवेगळ्या शहरांतले तीस-बत्तीस हौशी लोक, ज्याच्या-त्याच्या गच्चीवर ज्याची-त्याची छोटी दुर्बीण, सगळे मिळून ठरावीक दहा-बारा ताऱ्यांवर डोळा ठेवून असतात, आणि कुणी कधी काय पाहिलं याची सामाईक नोंदवही हे एक निवृत्त गृहस्थ सांभाळतात. त्यांच्या वहीत एकदा गेलेलं सहसा खोडलं जात नाही, म्हणून चित्रगुप्त.

"ताई, मंगळवारचं तुमचं आणि दादांचं जमत नाहीये."

"जमत नाही म्हणजे?"

"तुमच्या वर्णपटात लाल रेषेला दोन शेंडे, आणि चाळीस मिनिटांत त्यातला एक दुप्पट झालेला. दादांचा वर्णपट बरोबर तुमच्या चाळीस मिनिटांच्या मधोमध घेतलाय – आठ वाजून दहा – आणि त्यात एकच शेंडा. शांत. तारा एक, वेळ एक, गाव एक. दोघांपैकी एकाचं चुकलंय."

"मग?"

"मग असं की मोठ्या दुर्बिणीवाल्यांकडे आज रात्रीचा अर्धा तास शिल्लक आहे. तुमचं खरं असेल तर ते तिकडे वळवतील म्हणतायत. मागणारे आणखी चार जण रांगेत आहेत. सहाच्या आत मला सांगायचंय त्यांना. तुम्ही दोघं बहीणभाऊ आपसात बघून घ्या आणि मला एकाचं नाव कळवा. दादांचं खरं असेल तर –"

"तर माझं खोटं."

"खोटं नाही हो. चुकीचं."

चुकीचं. अकरा वर्षं ती ह्या एका ताऱ्यावर टपून बसली होती. एकच नुसता दिसायला. खरे तर ते दोन – एक फुगलेला, तांबडा, म्हातारा तारा आणि त्याला चिकटून फिरणारा एक इवलासा पांढरा, भलता तापट, जो त्या म्हाताऱ्याच्या अंगावरचा वायू सारखा ओढून घेत असतो. कुठल्याही दुर्बिणीतून पाहा, दोघांचा मिळून एकच ठिपका. पण त्या ठिपक्याचा उजेड बारीक फटीतून घेऊन त्याची रंगीत पट्टी केली, पट्टीचा आलेख काढला, की दोघं वेगवेगळे ओळखू येतात, कोण किती ओढतोय तेही कळतं. आणि हे ओढणं एकसारखं नसतं. महिनोन् महिने काही नाही आणि मग एखाद्या संध्याकाळी मिनिटामिनिटाला रेषा हलते, असं म्हणतात. म्हणतात – कारण ह्या ताऱ्याच्या बाबतीत ते कुणी नीट पकडलेलं नव्हतं. तिनं मंगळवारी पकडलं. किंवा तिला तसं वाटलं. दादानं हा तारा पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला होता, "फुगलेला नवरा आणि कडक बायको, बाकी काही नाही," आणि वहिनी आतून म्हणाल्या होत्या, "आणि लांबून म्हणे एकच दिसतात. मग त्यात बघण्यासारखं काय आहे?"

कढईतले खडे आता जांभळट व्हायला लागले होते.

फोन ठेवल्या ठेवल्या तिनं दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले होते आणि दादानंच शिकवल्याप्रमाणे आधी पाणी पाहिलं होतं. ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत येताना आपल्या हवेतून येतो. हवेतली वाफ त्यात आपल्या बारीक बारीक खाचा पाडून ठेवते, लाल रेषेच्या आजूबाजूलाच. पाण्याच्या रेषा. सगळे त्या कचरा म्हणून पुसून टाकतात. दादा म्हणायचा, "पुसायच्या आधी बघ. तारा काय वाट्टेल ते सांगेल, पाणी त्या रात्रीचंच असतं." ओल्या हवेत खाचा खोल, कोरड्या हवेत उथळ. तिच्या मंगळवारच्या खाचा खोल होत्या, विहिरीसारख्या. दादाच्या – त्याच संध्याकाळच्या, इथून चालत वीस मिनिटांवरच्या गच्चीतून घेतलेल्या – नखानं ओरखडा काढावा तेवढ्या.

कुठंतरी पाणी मुरतंय, ती तेव्हाच मनात म्हणाली होती, आणि तिला हसू आलं नव्हतं.

कारण आता एकेक गोष्ट आठवायला लागली होती. संशयाचं हे एक बरं असतं, त्याला कधी आठवणींचा तोटा पडत नाही. गेल्या वर्षीच्या यादीत तिच्या नोंदी दादापेक्षा सातनं जास्त झाल्या तेव्हा तो नुसता "वा" म्हणाला होता, एकदाच, आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागला होता. पूर्वी तिचा आलेख गेला की अर्ध्या तासात त्याचा फोन – अगं, ही रेषा जाड का, फट नीट केलीस का, घड्याळ तपासलंस का – आणि अलीकडे, गेले पाच-सहा महिने, नुसती दोन ओळींची मेल. 'छान आहे. असेच चालू ठेव.' दादा आणि छान! आणि पूर्णविराम! जन्मात त्यानं कधी पूर्णविराम दिला नव्हता, वाक्य संपलं की त्याचं वाक्य आपलं संपायचं. ती मेल वाचून तिला प्रत्येक वेळी वाटायचं की एखाद्या कचेरीतून उत्तर आलंय. त्याला माझं पाहवत नाही... असं नको म्हणायला. पण मग काय म्हणायचं?

तिनं गॅस बंद केला. खडे निळे झाले होते, पण ती ते बरणीत भरायला विसरून तशीच बाहेर पडली.

कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तिचं काम रंग जुळवायचं. रंगाईतून कापडाचा तुकडा येतो, गिऱ्हाइकानं पाठवलेल्या नमुन्याशेजारी तो दिव्यांच्या पेटीत ठेवायचा आणि सांगायचं – पास किंवा परत. पेटीत तीन दिवे. एका दिव्याखाली दोन तुकडे अगदी जुळ्यांसारखे दिसतात आणि दुसरा दिवा लावला की एक हिरवट होऊन बाजूला उभा राहतो. अशा वेळी रंगाईच्या मुकादमाचा चेहरा बघण्यासारखा असतो. आज त्यानं राखाडी आणला होता.

"मॅडम, उन्नीस-बीस आहे. सोडून द्या ना."

"दुसरा दिवा लावा."

"अहो, गिऱ्हाइकाकडे कुठे आलाय दुसरा दिवा!"

"लावा."

लावला. तुकडा तपकिरी झाला. मुकादम मान हलवत म्हणाला, "तुमच्यासमोर उभं राहिलं ना मॅडम, की आपणच काहीतरी केलंय असं वाटतं," आणि तुकडा काखोटीला मारून गेला. ती एरवी यावर हसली असती. आज तिला वाटलं, हा काय म्हणाला? मग वाटलं, केलेलं असतं म्हणूनच वाटतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. लॅपटॉपवर दादाच्या जुन्या नोंदी उतरवून घेतल्या – तिला ठाऊक होतं ती काय शोधतेय, आणि ते सापडू नये असं तिला वाटत होतं का? खरं सांगायचं तर नाही. मला ते सापडायला हवं होतं. ते सापडलं की माझे दोन शेंडे खरे. मोठ्या दुर्बिणीचा अर्धा तास माझा. इतकं सरळ होतं ते, आणि मी मात्र मनात 'बिचारा दादा, काहीतरी गडबड झाली असेल' असं घोळवत एकेक फाइल उघडत होते, एखाद्या चांगल्या बाईसारखी.

एकतिसावी. गेल्या वर्षीची, कोरड्या महिन्यातली. तिनं ती मंगळवारच्या आलेखावर ठेवली आणि दोन आलेखांचा एक झाला. शेंडा शेंड्यावर – ते एक वेळ चालेल, तारा तोच आहे. पण आलेखाला सगळीकडे एक बारीक थरथर असते, यंत्राची, हवेची, कशाचीच नाही अशी, आणि ती थरथर कधीही दुसऱ्यांदा तशीच येत नाही. इथे ती तशीच होती. कणाकणानं. कुणीतरी गेल्या वर्षीची फाइल घेऊन तिच्यावर परवाची तारीख घातली होती.

त्याच्या आधीची तिनं पाहिली. तीही. त्याच्या आधीची. सात महिन्यांत तेवीस नोंदी, तेवीसच्या तेवीस शिळ्या.

"लबाड," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या टेबलावरचा मदतनीस दचकला. आणि तिला धक्का बसला तो ह्याचा, की शब्द तोंडातून गेला तेव्हा तिला बरं वाटलं – दाढ उपटून हातात आल्यासारखं बरं. ह्याच माणसानं तिला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं होतं की चुकीचा आकडा चालेल, खोटा चालणार नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, तो बावीसचा. तिला तो आकाशाचा मालक वाटायचा. मालकानं... का पण? सातनं मागे पडला म्हणून? साठी उलटलेला माणूस सात नोंदींसाठी तेवीस खोट्या करतो? आणि करतो तर करतो, पण बरोबर माझ्या चाळीस मिनिटांच्या मधोमध, आठ वाजून दहाला, शांत रेषा ठेवून देतो...

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दादाच्या घराचा जिना तिनं थांबत थांबत चढला, काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत. दार उघडंच होतं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, हातात काहीच नव्हतं – ना पुस्तक, ना वर्तमानपत्र – आणि ती दारात उभी राहिली तशी त्यानं मान वळवून म्हटलं, "कोण?" – आणि मग एका क्षणानं, जरा जास्तच मोठ्यानं, "अगं तू होय! ये, ये."

दचकला, तिनं मनात टिपून ठेवलं.

"काय दादा, कसा आहेस?"

"मजेत. तू भर दुपारी कशी? रंगांनी संप केला वाटतं?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिनं नीट पाहिलं, पेटीतल्या तुकड्याकडे बघावं तसं. तो बघत होता तिच्या कानाकडे, कानाच्याही पलीकडे, दाराच्या चौकटीकडे. ती मुद्दाम दोन पावलं सरकली तर त्याची नजर थोडी मागून येऊन पुन्हा तिच्या बाजूलाच थांबली. नजर चुकवतोय. पन्नास वर्षांत ह्या माणसानं माझ्यापासून कधी नजर चुकवली नव्हती. संगणकाच्या खुर्चीवर वहिनींची उशी होती आणि कळफलकाशेजारी वहिनींचा चष्मा. म्हणजे वहिनीही सामील. ज्या वहिनींनी ह्या सगळ्याला आयुष्यभर 'गच्चीवरचा खेळ' म्हटलं, त्या!

"मंगळवारी बघितलंस तू," ती म्हणाली.

"हो तर! काय झकास आलं. दमट होतं जरा, पण आठच्या सुमाराला ढगांत मोकळी फट मिळाली. तुला काय आलं?"

किती सहज. तिच्या कानाशी बघत, चेहऱ्यावर हसू, आणि किती सहज... "दमट होतं" हेही सांगतोय वर. तिला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की जुळवलेली सगळी वाक्यं विसरली. "पाणी पिऊन येते," म्हणून ती आत गेली.

वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही कधीतरी येणार हे मला माहीत होतं, वन्सं."

"तेवीस, वहिनी."

"तेवीस झाल्या का? मी मोजल्या नव्हत्या."

"दादानं असं करावं?"

तेव्हा वहिनी वळल्या. "ह्यांनी? ह्यांनी काय केलंय?" मग आवाज खाली घेऊन, बाहेरच्या खोलीकडे बघत, त्या एका दमात बोलल्या, टंकलेखनाला बसल्यासारख्या – तीस वर्षं त्यांनी तेच काम केलं होतं. "डोळ्यांचा मधला भाग गेलाय ह्यांच्या. सात महिने झाले. कडेनं दिसतं, मधे काही नाही. समोर माणूस असेल तर तोंडाच्या जागी नुसता धूर, म्हणतात. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही. तरी गच्चीवर जातात. दुर्बीण हातानं लावतात, सवयीनं लागते, आणि मला म्हणतात, पडद्यावर बघ, तारा फटीवर घे. आता त्या पडद्यावर पाच ठिपके, वन्सं. मला काय कळणार त्यातला ह्यांचा कुठला? पहिल्या दिवशी कोरंच आलं सगळं. हे विचारत होते, आलं का, आलं का? मी म्हटलं, आलं."

नळातून एक थेंब पडला.

"आणि एकदा आलं म्हटल्यावर पुढे ते तुमच्या वहीवाल्यांना जायला नको? महिनाअखेर यादी येते ती मी वाचून दाखवते ना. म्हणून जुनं घेतलं. तारीख बदलायला काय लागतं?"

"आणि मला ती 'छान आहे' –"

"तीही मीच. शुद्धलेखन चुकलं का काही?"

तिला एकदम ती गच्ची आठवली, ती ह्या घराची नव्हे, जुन्या घराची – ती नऊ वर्षांची, पायाखाली खोका ठेवून दुर्बिणीला डोळा लावलेला, आणि मागून दादाचा आवाज, दिसला का गं, दिसला? तिला आपल्या स्वतःच्या पापण्यांशिवाय काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, दिसला. दादानं आनंदानं तिला उचलूनच घेतलं होतं. मग त्याला रात्रभर झोप नाही... ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलासुद्धा धड नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

वहिनींनी पदराला हात पुसले. "मी म्हटलं होतं ह्यांना. म्हणाले, तिला नको. तिला कळलं की ती माझ्या नोंदी तपासायला बसेल."

आज सकाळपासून ती दुसरं काय करत होती? सात महिन्यांत ती ह्या घरी दहा वेळा तरी आली असेल. आली, आलेखांबद्दल बोलली, चहा प्यायली, गेली. राखाडीतला तपकिरी तिला दिसतो. दादाला तिचा चेहरा दिसत नाही हे दिसलं नाही. आणि आज दिसलं ते कसं – नजर चुकवतोय म्हणून! तिला स्वतःची लाज वाटली, सरळ, शाळकरी लाज, कानशिलं तापवणारी.

ती बाहेर येऊन त्याच्या समोर बसली. मग उठून जरा बाजूला, तो बघत होता त्या जागी खुर्ची ओढून बसली.

"सांग ना," दादा म्हणाला. "तुला काय आलं मंगळवारी? नीट सांग, घाई नको."

तिनं सांगितलं. सातच्या पुढे ढग फाटले तिथपासून. पहिल्या वर्णपटात निळ्या बाजूला नुसता खांदा, दुसऱ्यात त्याचा शेंडा, चौथ्यात पहिल्याच्या बरोबरीनं. मधली दरी कशी खोल होत गेली. तो डोळे मिटून ऐकत होता, बोटानं गुडघ्यावर आलेख काढत होता, आणि दरीपाशी आल्यावर त्याचं बोट अगदी बरोबर तितकं खाली गेलं. त्याला दिसत होतं. तिला स्वतःला मंगळवारी दिसलं त्याहून जास्त.

"बाप रे," तो म्हणाला. "बाप रे, बारके! अकरा वर्षांनी." मग कपाळाला आठी. "पण मग मला का नाही आलं? आठ-दहाला माझ्याकडे एकच शेंडा होता. हिनंच वाचून दाखवलं मला – चष्म्याचा नंबर वाढलाय ना माझा, म्हणून हिला बसवतो हल्ली."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या.

"फट सरकली असेल. किंवा मधला तो स्क्रू, आठवतो, ढिला व्हायचा तो... नाहीतर वर्णपट पाडणाऱ्या जाळीवर ओल धरली असणार. अगं, हो! उद्या सगळं उघडू. काय गं?" हे वहिनींना. "उद्या सगळं खोलून एकेक बघू. तू चित्रगुप्तांना सांग, दोन दिवस थांबा म्हणावं, माझं यंत्र तपासतो, मग ठरवू कोण चूक."

"ते आज सहाला विचारणार आहेत, दादा."

"मग त्यांना सांग की –" तो थांबला. "छे. न तपासता कसं सांगणार? तुझं खरं असेल, पण माझं चूक का ते कळायला नको?"

त्याला स्क्रूचा संशय आला, जाळीचा आला, ओलीचा आला. दारात उभ्या असलेल्या बाईचा आला नाही. ती त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मला पहिला संशय माणसाचाच येतो, तिला वाटलं, आणि तो बरोबर निघतो, आणि त्याचा मला काय उपयोग.

निघताना वहिनी खाली फाटकापर्यंत आल्या. त्यांनी गळ घातली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. फाटकाची कडी धरून म्हणाल्या, "एक विचारू, वन्सं? तुम्हांला कळलं कशावरून?"

"पाण्यावरून. हवेतलं पाणीही त्यात उमटतं. मंगळवारी हवा ओली होती. तुम्ही पाठवलेली फाइल कोरड्या दिवसाची."

"असं होय." वहिनींनी जरा विचार केला. "म्हणजे ओल्या दिवसाची घ्यायला हवी होती."

त्यात लबाडी नव्हती. टंकलेखनात एक काना राहून गेला हे कुणी दाखवून द्यावं, तसा त्यांचा आवाज होता. तिनं "येते" म्हटलं आणि चालायला लागली.

पावणेसहा. दुकानं, फुटपाथ, कुणीतरी धुतलेली गाडी, तिचं पाणी गटाराकडे वाहत चाललेलं. खरं सांगितलं तर चित्रगुप्त तेवीसच्या तेवीस नोंदींवर काट मारतील. त्यांना मारायलाच हवी, कुणीतरी त्या आकड्यांवर गणितं करत असेल. मग महिनाअखेरच्या यादीत दादाच्या नावापुढे काय वाचून दाखवतील वहिनी? आणखी एक खोटं? माझंच चुकलं म्हणावं तर अकरा वर्षं गेली, आणि तारा काय माझ्यासाठी पुन्हा तसा हलणार आहे? दोन दिवस थांबा म्हणावं तर अर्धा तास रांगेतल्या दुसऱ्या कुणाचा. तिनं हे तिन्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. चौकात सिग्नलला उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपण हे वरवर ताडतोय, आणि मन केव्हापासून भलतंच काहीतरी करतंय.

ते शोधत होतं. ओल्या दिवसाची. दादाची, दोन वर्षांपूर्वीची, आठवडाभर कपडे वाळले नव्हते त्या दिवसांतली... त्यानं तेव्हा तीन घेतल्या होत्या, आणि मधलीत, तिला पक्कं आठवलं, शेंडा किंचित फाटलेला होता. नीट दोन म्हणता येतील इतका. ती मधली घ्यायची. थरथर ओळखू येते, तर ती अगदी हलक्या हातानं बदलायची, ते अवघड नाही. 'चुकून जुनी फाइल गेली, मंगळवारची ही' – एवढंच लिहायचं. पाणी जमेल, शेंडे जमतील, दादा आणि मी जमू. तेवीसांकडे मग कोण बघायला जातंय? दादाचं यंत्र ठीक, वहिनी ठीक, मोठी दुर्बीण आज रात्री माझ्या ताऱ्याकडे, कुणाच्याही नावाला डाग नाही – आणि माझ्या दोन शेंड्यांना साक्ष कुणाची, तर खुद्द दादाची. हे सगळं तिनं ठरवून रचलेलं नव्हतं. ते आपोआप जुळून आलं होतं, त्या मधल्या फाइलच्या तारखेसकट. बुधवार. एकोणीस तारीख.

सिग्नल सुटला, लोक दोन्ही बाजूंनी तिला वळसा घालून गेले. ती जागची हलली नाही. तिला भीती वाटत होती, आणि दादाची नव्हे, वहिनींची नव्हे. ज्या डोक्यात हे इतक्या सफाईनं तयार झालं, त्याच डोक्यानं मंगळवारी दोन शेंडे पाहिले होते. अकरा वर्षं पाहायचे होते म्हणूनच पाहिले असतील तर? सकाळी असा प्रश्न तिच्या गावीही नव्हता.

हातातला फोन वाजला. तिनं तो कानाला लावला.

"बोला, ताई," चित्रगुप्तांचा बसका आवाज. "सहाला पाच कमी. दोघांपैकी कुणाचं धरू नको?"

सकाळी हे विचारलं असतं तर तिनं एका श्वासात सांगितलं असतं. आता दोघांच्या जोडीला तिला आणखी एक माणूस दिसत होतं, ज्याच्यावर दिवसभरात तिनं एकदाही दिवा लावला नव्हता, आणि ते फोन कानाला धरून चौकात उभं होतं, जिभेवर एक तारीख घेऊन.

"ताई? आहात ना?"

"आहे," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिनं नीट कान देऊन ऐकला.